दिलाशाची खरखर

सोने पारखणारा कसोटी बाळगतो, धान्य पारखणारा मूठ बाळगतो. या लाइनमनने आयुष्यभर बाळगला तो आपला उजवा कान. टेलिफोनच्या तारेत ओल शिरली, सांधा गंजला, शेजारच्या तारेतले बोलणे झिरपू लागले, की तो रिसीव्हर कानाला लावी, डोळे मिटी आणि सांगे, "तिसऱ्या खांबापाशी." चढून पाहावे, तर सांधा तिथेच सडलेला! म्हणून कचेरीत त्याचे नाव पडले कानसेन. एकतीस वर्षे त्याने एकच वैरी मानला, आणि तो वैरी म्हणजे खरखर. जिच्यात काहीही ऐकू येत नाही ती तार शुद्ध, अशी त्याची श्रद्धा होती. आणि श्रद्धावंताची चूक बहुधा श्रद्धेच्याच वाटेने येते.

काळ पालटला. पूर्वी बोलण्याची तार वेगळी, चित्रांची वेगळी, संगणकाची वेगळी. तीन सोयरे, तीन दारे. आता केसाएवढ्या काचेच्या एकाच धाग्यातून तिघेही नांदू लागले. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा, इंटरनेटच्या गर्दीत सोडून द्यायचे आणि पलीकडे पुन्हा ओळीने बसवायचे! कानसेनाने पंचावन्नाव्या वर्षी चष्मा पुसला आणि हे सारे शिकून घेतले. शिकवणारी इंजिनिअर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तरी तिला तो 'मॅडम' म्हणे आणि वहीत टिपणे काढी. "आजवर तारा जोडल्या, आता तुकडे जोडतो. जोडणं काही सुटलं नाही," असे सांगताना त्याचा चेहरा खुले. चाळीस घरांत त्याने स्वतःच्या हाताने फोनला त्या काचेच्या धाग्याशी जोडणारे नवे डबे बसवले. त्यांतले एक घर त्याचे, आणि एक बसने तीन तासांवरच्या गावातले, आक्काचे.

आक्का त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याचे केस विंचरले ते हिने, शाळेत पोचवले ते हिने. रोज दुपारी चारला तिचा फोन येई. बोलणे म्हणाल तर चार वाक्ये.

"जेवलास?"

"जेवलो. गुडघा काय म्हणतो?"

"आहे."

पुढे दोघेही गप्प. ती शेंगा सोलीत बसे, तो चहा पीत बसे, आणि रिसीव्हर कानालाच असे. अर्धा तास! शब्द संपले तरी सहवास संपत नाही, हे ज्यांना कळले त्यांना फोनवर गप्प बसण्याची लाज वाटत नाही.

नवा डबा आला आणि हे सुख विटले. शब्द संपले, की त्याला वाटे तार किती शुद्ध, आणि आक्का मात्र दचकून म्हणे, "हॅलो? हॅलो? ठेवलास की रे!" आणि तीच फोन ठेवून देई. नवव्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, फोन आलाच नाही. यानेच लावला.

"कंटाळा आला असेल तर तसं सांग," आक्का म्हणाली. "मधेच फोन ठेवत जाऊ नकोस. मी काही रागावले नाही." रागावली नसती, तर हे वाक्य तिने कशाला उच्चारले असते?

बायको स्वयंपाकघरातून ऐकतच होती. "साऱ्या गावाचे फोन जुळवलेत, आणि बहिणीचा तेवढा तोडलात?"

"मी नाही गं ठेवला!"

"मग तुमच्या तुकड्यांतला एखादा वाटेत हरवला असेल. जा, शोधून आणा."

त्याने तपासले, एकही तुकडा हरवत नव्हता. सारे चोख, आणि तरी बहीण दुरावलेली. रविवारी सकाळीच तो बसमध्ये बसला.

दार उघडून आक्का म्हणाली, "फोन ठेवायला हात होते, आज यायला पायही सापडले वाटतं."

तो हसला नाही. पिशवी खाली ठेवून त्याने तिच्या फोनवरून घरी फोन लावला. "काही बोलू नकोस, नुसता धरून ठेव," असे बायकोला बजावले, आणि डोळे मिटले.

काही नाही. श्वास नाही, पंखा नाही, रस्ता नाही. शुद्ध, निखळ, भयाण काही नाही! तोच दचकून ओरडला, "हॅलो?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, गप्प बस म्हणून!" बायको म्हणाली.

आणि त्याला मॅडमचे शब्द आठवले. माणूस गप्प असतो तेव्हा त्याचा डबा पलीकडे काहीच पाठवत नाही. म्हणून ऐकणाऱ्याचा डबा आपल्यापुरती मंद खरखर करतो, फोन चालू आहे हे कळावे म्हणून. तिला म्हणतात 'कम्फर्ट नॉइज'. त्याने वहीत लिहून घेतले होते, दिलाशाची खरखर. पण डबे बसवताना चालू-बंद करायच्या सोयींच्या यादीत 'नॉइज' दिसला, आणि एकतीस वर्षांच्या हाताने विचारही न करता तो बंद केला. घरोघरी, मोठ्या प्रेमाने!

त्याने फोन ठेवला, मोबाइलवर डब्याची यादी उघडली, 'नॉइज'ची खूण चालू केली, आणि पुन्हा घरी फोन लावून रिसीव्हर आक्काच्या कानाशी धरला. आक्का ऐकत राहिली. कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"हं. आता आहे कुणीतरी. हा तुझ्या घरचा आवाज का रे?"

'हो' म्हटले असते तर सारे तिथेच मिटले असते. पण लहानपणापासून तिच्यापुढे त्याला खोटे जमले नव्हते. "नाही आक्का. हा इथलाच डबा करतो."

"आणि पलीकडच्यानं फोन ठेवला तर?"

"तर हाही थांबतो."

"मग खोटा कसा?" आक्का म्हणाली. "तू आहेस एवढंच त्यानं सांगायचं. तू काय करतोयस ते मी विचारीन की." मग त्याच्याकडे रोखून पाहत, "आणखी किती घरांत हा उद्योग केलायस?"

"अडतीस."

"अरे माझ्या कानसेना! उद्या सकाळी आधी तिथं जा. किती जणी रुसून बसल्या असतील, देव जाणे."

"वन्सं, मी ठेवू का आता?" पलीकडून बायकोने विचारले.

"धर की गं थोडा वेळ," आक्का म्हणाली, आणि भावाला बसायला हातानेच खूण केली.