मासा म्हणजे कुठला मासा?

खरं सांगते, सरस्वती मावशीने मला पहिल्यांदा झापलं तेव्हा मला तिचा भयंकर राग आलेला. मी स्पीच थेरपिस्ट. ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायचं हे माझं काम, त्यासाठी सहा वर्षं घासून शिकलेय, आणि कोपरीच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकणारी ही बाई माझ्याच क्लिनिकमध्ये, माझ्याच टेबलावर हात आपटून मला विचारते, "प्राप्तीबाय, तू शाळंन गेलीस का नाय गो?"

झालं होतं असं. तिचा नवरा नामा नाखवा, खाडीत होडी घालणारा माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, त्याच्यासोबत बोलणंही. समजायचं सगळं, पण शब्द ओठांवर येईना. माझ्याकडे चित्रांच्या कार्डांचा एक डबा आहे. कार्ड दाखवायचं, पेशंटने नाव सांगायचं, मार्क द्यायचे. काका 'घर' म्हणायचे, कधी 'पाणी' म्हणायचे. पण माशाचं कार्ड पुढे धरलं की ते कार्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि तोंड फिरवायचे. कोळ्याला मासा म्हणता येत नाही! सहा महिने दर आठवड्याला शून्य. शेवटी मी फाइलवर 'सुधारणा नाही' असं लिहिलं आणि मावशीला सांगितलं, की आता फार आशा धरू नका.

तेव्हा तिने टेबलावर हात आपटला. माझ्या हातातून कार्ड ओढलं आणि नाकाजवळ नेऊन बघितलं.

"यो कुठला मासा?"

"मासा म्हणजे मासा, मावशी."

"मासा म्हणजे कुठला मासा? याला ना धड कल्ले, ना शेपटी. असा मासा खाडीन नाय नि दर्यान नाय. मग माझा नाखवा याला म्हणंल तरी काय, तुझं डोकं?"

माझं डोकं तापलं होतं, पण ते तिथल्या तिथे थंडही झालं. अरे देवा! हा माणूस सहा महिने मला सांगत होता, की पोरी, हा मासाच नाही. आणि मी त्याला नापास करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मावशी टोपलीच घेऊन आली. माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून निवटी, बोय, शिंगाळा असे खाडीतले मासे ओळीने मांडले. मुलांना घेऊन बाहेर बसलेल्या दोन आयांनी नाकाला पदर लावले. लावू देत! काकांनी डाव्या हाताने निवटी उचलली, उलटीपालटी केली आणि ओठ थरथरले. "नि... निवटी." मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा टेलर धावत आला.

पुढचे आठ महिने मी आणि मावशीने मिळून नवीन कार्डं बनवली. माशांचे खरे फोटो, जाळं, वल्हं, तिचा कोयता. शब्द येत गेले. मग ठाण्यात आम्हा स्पीच थेरपिस्टांचं अधिवेशन भरलं तेव्हा मी ठरवलं, आपली चूक आपण चारचौघांत सांगायची आणि या दोघांना घेऊनच जायचं. मावशी अंगभर सोनं घालून, केसात अबोलीचा गजरा माळून पहिल्या रांगेत काकांच्या शेजारी बसली. समोर दोनशे थेरपिस्ट. मजा प्रचंड येत होती. बारा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

मग सुधीर सर उठले. ते आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी हो म्हटलं असतं तर ही पद्धत दहा केंद्रांवर जाणार होती.

"प्राप्ती, काम छान आहे. पण सराव घेताना त्यांची पत्नी कायम शेजारी होती ना? मग ते स्वतः बोलतात, की तिच्या तोंडाकडे बघून तिचा शब्द फक्त परत म्हणतात?"

मला हो म्हणावंच लागलं. कारण मावशी खरोखर कायम शेजारीच असायची. शब्द काकांचा की तिचा, हे मी कधी तपासलंच नव्हतं! मावशीला प्रश्न बरोबर कळला. तिचा चेहरा उतरला. आठ महिन्यांची मेहनत माझीही होती, पण नवरा तिचा होता.

"आत्ताच बघू," सर म्हणाले. त्यांनी आपल्या मोबाइलमधला फोटो पडद्यावर लावला. "हा मासा सकाळी मी बाजारातून घेतलाय. काका, हे काय आहे?"

काका पडद्याकडे निरखून बघायला लागले. दहा सेकंद गेले, वीस गेले. मावशीला राहवेना. पडदा लांब, चष्मा पिशवीत, तरी ती उठून ओरडलीच, "रावस! अहो, रावस म्हना ना!"

संपलं, मी मनात म्हटलं. सर म्हणाले, "बरोबर, रावसच. पण मावशी, तुम्ही सांगायचं नव्हतं."

काकांनी मान हलवली. जोरात हलवली.

"ना... नाय."

"काय नाय?" मावशी वळली.

"दा... दाढा." काका चिडले होते. डाव्या हाताने ते पडद्याकडे बोट दाखवत राहिले, मग पंजा उघडून पाच बोटं दाखवली. "धागं. पाच!"

मावशीने चष्मा लावला आणि तरातरा पडद्यापाशी गेली. माशाच्या पराखाली लोंबणारे धागे तिने बोट लावून मोजले. पाचच होते. रावसाला चार असतात, आणि रावस म्हणून खपवतात त्या दाढ्याला पाच. आणि ती मटकन खालीच बसली.

"अगो बाय! दाढाच हाय! सायब, तुमाला फसवलानी बाजारान!"

दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. सुधीर सर सगळ्यात जोरात हसत होते. मी रडत होते, लाज कसली त्यात! मावशी मात्र कोणाकडे बघत नव्हती. ती उठून नवऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मासळीन मना आजवर कोनी खोटी पाडली नाय," ती म्हणाली. "चवदा महिने घरान मी एकलीच भांडते, नाखवा. आता भांडा माझ्याशी. भांडा!"