मलकापूरचा चाकू

मोताळ्याच्या बाजारातले घडीचे चाकू मी वर्षाला दोन मोडायचो. मग एकदा मलकापूरहून शिसवी मुठीचा, अस्सल पोलादाचा चाकू आणला. मिटताना तो असा 'टक्' वाजायचा, की मी उगाच दहादा उघडमीट करायचो.

माझ्या दोस्ताची पेरूची बाग होती. बागेत आलेल्याला पहिला पेरू मालकानंच कापून द्यायचा, ही आमची रीत. नवा चाकू घेऊन मी गेलो, तेव्हा त्यानं आपला डुगडुगता बाजारी चाकू काढला, तोच मी नाटकातल्या राजासारखा हात वर केला.

"थांब बे! त्या चाकूनं पेरू कापाचा का ठेचाचा?"

आणि मीच फुलासारख्या चार फोडी उघडल्या. तो हसला. "वा बे, राजे!" म्हणत त्यानं आपला चाकू खिशात घातला. माझ्यासमोर तो पुन्हा कधी निघाला नाही.

पुढच्या खेपेला त्यानं खिशात हातच घातला नाही, तेव्हा खजील होऊन मी नवा चाकू त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. हातात दिला तर भांडण होतं म्हणतात.

"घे, तुलेच देतो."

"काऊन? मले दात हायेत ना बे." त्यानं पेरू दातांनी फोडला आणि अर्धा मला दिला.

चाकू मीच उचलला. अजून धारदार आहे. पेरू मात्र मी दातांनीच फोडतो.