फाटकावरचा जवान

लष्करी फाटकापाशी मी रोज सकाळी ऑफिसच्या बसची वाट पाहायचे आणि बस दिसली की पुढच्या स्टॉपकडे पळायचे. फाटकावरच्या जवानाच्या छातीवर आखूड, काळी कार्बाईन असायची. नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरपासून दूर. नजर मात्र माझ्यावर. माझी बॅग, माझा फोन, कशावरच त्याचा विश्वास नव्हता.

एकदा मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर त्याने चक्क मराठीत विचारलं, "ताई, स्टॉप तिकडं आहे. तुम्ही रोज हितंच का थांबता?"

"सावलीला."

"सकाळी हितं सावली नसते."

मग मी खरं सांगितलं. "स्टॉपवर एक माणूस रोज अंगाला खेटून उभा राहतो. तुमच्या बंदुकीसमोर तो येत नाही."

त्याने कार्बाईनचा पट्टा सारखा केला. "ही फाटकासाठी दिलीय, ताई. मला जागा सोडता येत नाही." मग म्हणाला, "तुम्ही हितंच उभ्या राहा."

दुसऱ्या दिवशी त्याने ओळखही दाखवली नाही. पण त्याची ती संशयी नजर आता माझ्या पलीकडे, स्टॉपवर होती.