चाळीमागचा कोरडा खड्डा

आमच्या विंचूरच्या शिवारात जयरामला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. खांबवाला म्हणायचे. घरामागच्या कांदाचाळीला लागून त्यानं उंच लोखंडी खांब रवला होता, टोकाला बिनतारी इंटरनेटचा डबा. लासलगावहून आलेला सिग्नल त्या डब्यावरून आजूबाजूच्या वस्त्यांवर जायचा. दोन हजार सहा-सातची गोष्ट. त्याआधी हा गडी विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरायचा, म्हंजे त्यात नवी तार गुंडाळून द्यायचा. इंटरनेटच्या कंपनीनं कामाला घेऊन गळ्यात ओळखपत्र घातलं, तर आंघोळीलाबी काढीना.

वळवाच्या दिवसांत मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. जवळपास वीज पडली का झटका वायरीत उतरायचा अन् डबा जळायचा. दुसराबी जळला तेव्हा कंपनीच्या गंगापूर रोडच्या हापिसातला साहेब म्हणाला, "आता जळला तर खांब दुसऱ्याच्या दारात."

मग जयरामनं अर्थिंगचा खड्डा खांदला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. खांबाची अन् झटका अडवायच्या डबीची जाड तार त्यात सोडली. झटका जमिनीत जिरावा म्हणून. पण जिरायला जमीन वली पाहिजे. वस्तीवर सगळा खडक. खोल माती ती फक्त चाळीमागं, म्हणून खड्डा तिथंच. बायकोला, कुसाबाईला, म्हणाला, "उन्हाळाभर रोज हंडाभर पाणी वत. भांडी राहिली तरी चालंल." ती वतायची.

त्या वैशाखात कंपनीनं त्याला सिन्नरकडं खांब उभे करायला धाडलं. मागं त्याचा बाप बहिरू चाळीत शिरला. खालचा एक कांदा उचलून नाकाशी धरला.

"कुसा, पाणी बंद कर. चाळीला वल लागून राह्यली."

"मामा, ह्यांनी सांगितलंय. आले का मला खातील."

"अन् कांदा सडला तर तू काय खाशीन? मीठ अन् कोळसा?"

कुसाबाई हसली, अन् हंडा पालथा घातला. चाळीला वल लागू द्यायची नाय, हे आमच्याकडं लेकराला चालायच्या आधी कळतं. फोनवर तिनं नवऱ्याला काय सांगितलं नाय. बापलेकाची भांडणं ऐकून तिचे कान किटले होते.

जयराम परतला त्याच संध्याकाळी आभाळ काळं झालं. वीज खांबावर पडलीच नाय, बांधावरच्या निंबावर पडली. पण घरात वायरीच्या तोंडाशी जाळ झाला अन् जळका वास सुटला. तिसरा डबाबी गेला. जयराम खड्ड्याकडं पळाला. मूठभर माती उचलली. निव्वळ भुगा.

"पाणी कुठंय?"

कुसाबाई सासऱ्याकडं बघत राहिली.

"मी बंद केलं," बहिरू म्हणाला. "कांदा राखला."

तेवढ्यात वाऱ्यानं चाळीचे पत्रे उचलले. आडवा पाऊस कांद्यावर घुसला. बहिरू गोणपाट घेऊन धावला. जयराम जागचा हलला नाय.

"घ्या दादा," तो बापाला म्हणाला, "झाली जमीन वली."

खांब कंपनीची माणसं घेऊन गेली. कांदा उकिरड्यावर गेला. जयराम परत मोटारी भरतो, ओळखपत्र कुठं गेलं कोणी विचारीत नाय. बापलेक एका पंगतीला बसत नाय. कुसाबाई दोनदा वाढते. खड्डा तसाच हाय. पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यात त्यात कुत्रं निजतं.