नकाशातली बसलेली बाई

लग्न होऊन मी रेणापूरकडून नांदेडला आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिथल्या एका कापडाच्या मिलमध्ये कामगारांसाठी चाळीस घरं बांधायचं ठरलं होतं. आमच्या गावी गवंडी आधी घरच्यांना विचारायचा, मग भिंत उचलायचा. इथे पत्रे, फरशा, लोखंडी खिडक्या, सगळं कारखान्यातून एका मापाचं तयार होऊन रेल्वेनं यायचं. घर नुसतं जुळवायचं. नमुन्याचं एक घर बांधून झालं होतं. माझे यजमान मिलच्या कचेरीत नकाशे उतरवायचे, म्हणून ते आम्हाला राहायला मिळालं.

घर चांगलं होतं. स्वैपाकघराची खिडकी मात्र उभ्या पुरुषाच्या छातीइतकी उंच. चुलीपाशी बसलं की उजेड माझ्या डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडायचा. तव्यावर अंधारच. भाकरी करपली की वासावरून कळायचं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आधीच कमी दिसायचं. त्या म्हणायच्या, "खिडकी हाय का देवाचा फोटू टांगलाय? मान वर करून हात जोडा नुसते!"

मी यजमानांना सांगून पाहिलं.

"मिलच्या साहेबाला कोण सांगणार?" ते म्हणाले. "शनिवारी ते नकाशा घेऊन हैदराबादला जाणार. एकदा मंजूर झाला की चाळीस घरं अशीच उठणार."

म्हणजे चाळीस बाया अंधारात. माझ्या मनातून ते जाईना. पण मी तर दारात भाजीवाला आला तरी आत पळणारी.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. राहिलेली अक्षरं लिहायला यजमानांनी नकाशा घरी आणला. मेणकापडासारखं गुळगुळीत कापड, त्यावर काळ्या शाईनं आमचंच घर मधोमध कापल्यासारखं काढलेलं. उंची कळावी म्हणून स्वैपाकघरात बोटाएवढा एक माणूस उभा केला होता. त्याच्या डोक्यावर टोपी. हा माझ्या चुलीपाशी कशाला आला, असं मला वाटलं.

यजमान नदीवर आंघोळीला गेले होते. शिक्षण माझं चौथीपर्यंतचं, पण रांगोळीवर हात बसलेला. मी त्यांचा टाक घेतला. सुतळीनं भिंतीला माझी उभी उंची मोजली, मग बसलेली. त्याच मानानं टोपीवाल्याशेजारी चूल काढली आणि चुलीपाशी बसलेली बाई. तिचं डोकं खिडकीच्या खालीच राहिलं.

यजमान आले, पाहिलं आणि टाक माझ्या हातातून काढून घेतला. "हे काय केलंस? शाई आहे ही! खरवडली तर कापड फाटेल. उद्या सकाळी साहेबाला काय दाखवू? नोकरी जाईल माझी."

आत्याबाईंनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. "ही तर मीच हाय की! बरोबर काढलंय पोरीनं. अन् हा टोपीवाला काय करून राहिला इथं? भाकऱ्या थापतो का?"

यजमान हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी न जेवताच गेले. मी दिवसभर दाराआड उभी होते. नोकरी गेली तर ती माझ्या हातानं गेली, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी ते आले ते हसतच.

साहेबांनी बाईवर बोट ठेवून विचारलं होतं, "ये कौन है?"

यजमान म्हणाले, "हुजूर, औरतें बैठ के पकाती हैं."

साहेब उठले, पाटलोण वर ओढली आणि कचेरीच्या फरशीवर मांडी घालून बसले. कारकून बघतच राहिले. कचेरीच्याही तसल्याच उंच खिडकीकडे खालून बघून म्हणाले, "यहाँ से तो कुछ नहीं दिखता! किसने बनाया ये?"

"घर में से, हुजूर," यजमानांनी माझं नाव न घेता सांगितलं.

साहेबांनी हैदराबादला जाणं आठवडाभर पुढे ढकललं आणि हुकूम झाला: खिडकी तीच, कारखान्याची. फक्त खाली आणा. आधी नमुन्याचं घर दुरुस्त करा आणि तेच माप चाळीस घरांना लावा.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. "बाई, कुठवर उतरवू?"

मी पीठ मळत होते. पदर ओढून घेतला, चुलीपाशी बसले आणि जिथे खिडकीची खालची कड हवी तिथे भिंतीवर पिठाचा हात उमटवला. त्यानं जमिनीपासून दोरी धरली, गाठ मारली. "बास. हेच माप."

खिडकी बसली त्या दिवशी आत्याबाई मला उठवून स्वतः चुलीपाशी बसल्या. "अगं, तवा दिसतोय! अन् रस्त्यानं कोण चाललंय ते बी!" एकही भाकरी करपली नाही.

नवा नकाशा उतरवताना यजमानांनी टोपीवाला काढून टाकला आणि बाई ठेवली. तिच्या नाकात एवढीशी नथ घातली. ती मी काढली नव्हती.

घरं पूर्ण झाल्यावर मी एकदा त्या ओळीतून गेले. खिडकीखिडकीत बसलेल्या बाया, कुणी तांदूळ निवडतंय, कुणी भाकरी थापतंय. एकीनं आतून हाक मारली, "कोण हाय बाई? या की!" मी मान हलवली आणि पुढे चालत राहिले, शेवटच्या घरापर्यंत. चाळीसही खिडक्या माझ्या पिठाच्या हाताच्या उंचीवर होत्या.