कुंकवाखालचा नंबर

जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरं ओळखण्याचा मला नाद आहे, आणि त्याहून मोठा नाद निकाल देण्याचा. चारचौघांत कोणी विचारलं की माझी जीभ आवरत नाही.

गेल्या खंडेनवमीला श्रीगोंद्याजवळच्या एका मळ्यावर मला मुद्दाम बोलावलं होतं. तिथल्या आबांचे वडील ब्रिटिश फौजेत होते, आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर पाटावर कोयत्या-विळ्यांशेजारी पुजलेलं होतं. नळी कायमची बंद केलेली, कागदपत्रं चोख. पण भावकीत कुजबुज होती, की म्हाताऱ्यानं ते बाजारातून उचललं आणि लढाईच्या गोष्टी रचल्या. आबांना एकदाचा खुलासा हवा होता.

मी भिंग लावलं. सांगाड्यावरची बाणाची सरकारी खूण अस्सल होती, पण गोळ्यांच्या फिरत्या चक्रावरचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी जुळेना. चक्राचा बाकी भाग वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाखाली गाडलेला. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं म्हणून आबांनी हात लावू दिला नाही. मी उंटावरचा शहाणा, सगळ्यांसमोर सांगून मोकळा झालो, की हे इकडचे तिकडचे तुकडे जोडून बाजारात तयार केलंय. आबांनी ते पाटावरून उचललं.

परवा त्याचे तेव्हा काढलेले फोटो मोठे करून पाहत होतो, तर चक्रावरच्या नंबराच्या शेवटच्या आकड्यावर कुंकवातून बाहेर आलेली एक सरळ रेघ दिसली. ती छिन्नीची रेघ होती! फौजेतले कारागीर चक्र बदलताना जुना नंबर असाच खोडतात आणि खाली सांगाड्याचाच नंबर नव्यानं ठोकतात. चहा तसाच टाकून मी मोटरसायकल काढली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो तेव्हा भरपूर शिव्या घातल्या, बहुतेक स्वतःलाच.

आबांनी गोठ्यातल्या फळीवरून पोत्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर आणलं. कुंकू पुसू का, असं मी चाचरत विचारलं.

“पुसा की,” ते म्हणाले. “आता कुठं पूजेत हाय ते.”

ते वर्मी लागलं. मी तेलाचा बोळा फिरवत राहिलो. जुना नंबर आडवा खोडलेला निघाला, आणि त्याच्याखाली बारीक आकडे उघडे पडायला लागले. मी एकेक आकडा वाचायचा आणि आबांनी चष्मा सावरत सांगाड्यावरचा वाचायचा. शेवटपर्यंत जुळले. मी नाचायचाच काय तो बाकी होतो.

“आबा, हे खरं आहे. फौजेतच दुरुस्त झालंय.”

आबा हसले नाहीत. “तवा भावकीसमोर बोलला हुता,” ते म्हणाले. “आता बी तितंच बोला.”

त्यांनी बांधावरून हाका मारून भावकी गोळा केली. अंगणात उभं राहून मी आधी माझी चूक सांगितली, मग दोन्ही नंबर मोठ्यानं वाचले. लाज वाटायला हवी होती, पण आनंदानं आवाज कापत होता. तोवर आबांनी आतून कुंकू आणलं आणि नेमकं त्या नव्या नंबरावरच बोट टेकवलं. या खेपेला मी पुसायचं नाव काढलं नाही.