विमानपट्टीचं कुलूप

माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान. धावड्यात आमची घरं एकाच अंगणात, आणि आयटीआयला रेडिओ दुरुस्तीचा कोर्सही आम्ही एकाच बाकावर बसून केला. मार्क मला जास्त पडले आणि नोकरी त्याला लागली, तीही शेजारच्या जिल्ह्याच्या विमानतळावर. माझ्या वाट्याला जालन्याबाहेरची छोटी विमानपट्टी आली, रोजंदारीवरचा राखणदार म्हणून. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. माझ्या मनात ती अजून ताजी आहे.

त्याच्या विमानतळावर दिशा दाखवणारं रेडिओयंत्र होतं. ढग खाली आले तरी वैमानिकाने समोरच्या काट्याकडे बघत ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या उंचीपर्यंत उतरत यायचं. तिथवर धावपट्टी दिसली तर टेकायचं, नाही दिसली तर विमान वर उचलून निघून जायचं. ते यंत्र नीट ठेवणं हे भावाचं काम. माझ्या पट्टीवर यंत्रबिंत्र काही नाही, डोळ्यांना दिसलं तर उतरा. माझ्याकडे वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी, एक फाटक आणि त्याच्या कुलपाची किल्ली. कुंपणाला मात्र म्हैस जाईल एवढी भोकं होती.

कुणी बडी असामी येणार असली की माझी दोन दिवस आधीपासून धावपळ. लोकांनी पट्टीवर वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगा उचलायला लावायच्या, गुरं हाकलायची, कडेने चुना मारायचा. विमानाची वेळ झाली की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वर ओला पाला टाकायचा, म्हणजे धुरावरून वैमानिकाला वारा कळतो. एका श्रावणात असंच सगळं करून मी हार घेतलेल्या मंडळींसोबत उभा होतो. ढगांच्या वर घरघर ऐकू आली, एकदा डोक्यावरून, परत एकदा, आणि मग ती पश्चिमेकडे विरत गेली. मंडळी गाड्यांत बसून त्याच दिशेला पळाली. मी खोकत विस्तव विझवला.

पुढच्या रविवारी गावी गेलो तर भाऊ हसत म्हणाला, "दादा, तुझं विमान आमच्याकडं आल्तं. एवढा ढग, पण बराबर रेषेवर उतरलं बघ."

तो सरळ मनानेच बोलला असणार. पण माझी आई कौतुकाने त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

त्याआधी एकदा मी ते यंत्र बघायला हौसेने त्याच्या विमानतळावर गेल्तो. तो फाटकावर आला, म्हणाला, "आत न्यायला पास लागतो, दादा. आठ दिवस आधी अर्ज करावा लागतो." बाहेरच्या टपरीवर चहा पाजून त्याने मला परत धाडलं. नियम खराच होता. तरी जालन्यात मस्तगडच्या माझ्या खोलीवर पोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

आणि मग एके दिवशी त्याचाच निरोप आला. आमच्या पट्टीवर तसंच छोटं यंत्र बसवायचं घाटत होतं. त्यासाठी आजूबाजूची झाडं, खांब, टाक्या यांची उंची मोजायला एक साहेब येणार होते, सोबत भाऊ. "यंत्र बसलं तर खोली होईल, कायमचा माणूस लागंल. तुझं नाव मी सांगून ठेवलंय." मला आठ दिवस नीट झोप लागली नाही. घड्या पडलेलं आयटीआयचं सर्टिफिकेट मी इस्त्री करून ठेवलं.

मोजणीच्या दिवशी जीप फाटकासमोर थांबली. भाऊ उतरला, कडक शर्ट, गळ्यात ओळखपत्र. साहेब त्याला अहोजाहो करत काहीतरी विचारत होते. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी परवानगीचं पत्र मागितलं. त्यात तारीख, नावं आणि गाडीचा नंबर असायचा. त्यांची गाडी वाटेत बदनापूरला बिघडली होती, ही भाड्याची होती.

"नंबर जुळत न्हाई," मी म्हणालो.

"दादा, काय करून राह्यला? मी हाय ना. उघड जल्दी."

"पत्र दुरुस्त करून आणा. मंग उघडतो."

साहेबांनी कुंपणातून आत चरणाऱ्या म्हशींकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, त्यांना पत्र लागत नाही. भाऊ पत्र घेऊन जीपकडे वळला. मला फक्त त्याला तासभर उन्हात उभं करायचं होतं, देवाशप्पथ. पण ते शहरात गेले तर सही करणारे अधिकारी दौऱ्यावर, आणि साहेबांना संध्याकाळी पुढच्या गावी पोचायचं होतं. मी दुपारी चारला फाटक सताड उघडं करून रस्त्यावर उभा राहिलो. कुणी आलं नाही. यंत्र बसवायच्या जागांची यादी निघाली तेव्हा तिच्यात आमची पट्टी नव्हती. मी रोजंदारीवरच राहिलो.

भाऊ घरी काय सांगेल या धाकाने मी दोन महिने गावी गेलो नाही. शेवटी गेलो, तर आई डोळे पुसत म्हणाली, "त्या मेल्या गाडीनं माझ्या लेकराचं नशीब खाल्लं." भावाने सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं की गाडी बिघडली, म्हणून मोजणी राहिली. तो समोरच बसला होता. त्याने आईला माझ्या ताटात भाकरी वाढायला सांगितलं.

आज त्याच्या नोकरीचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ते जास्त जळतं. त्याच्या जागी मी असतो तर भोकरदनची पहिली बस धरून गाव गाठलं असतं आणि अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं असतं.